बेससाठी पहिलं पेडल कोणतं? आधी प्रश्न ठरवा, मग खरेदी करा

बेस गिटार हातात आली, दोन-चार गाणी बसली, हॉस्टेलच्या बँडमध्ये जागा मिळाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पहिलं पेडल कोणतं घेऊ?" संशोधनाकडे वळणाऱ्यांचाही असाच एक ठरलेला प्रश्न असतो: "पीएचडीला जायचंय, तर आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" दोन्हीकडे अडचण एकच आहे. साधन आधी ठरतं, आणि त्या साधनाने नेमकं काय करायचंय हे नंतर शोधलं जातं.

या लेखात आपण पेडल निवडण्याचं काम एखाद्या छोट्या प्रयोगासारखं करून बघू. ज्यांना बेसशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मूळ नोंद, एका वेळी एकच बदल, आंधळी चाचणी या गोष्टी पुढे तुमच्या विषयातही लागणारच आहेत. आणि पैशाचा मुद्दा आहेच. बऱ्या पेडलला काही हजार रुपये सहज जातात, आणि फेलोशिप दर महिन्याला वेळेवर येईलच असं नाही. विचार न करता घेतलेलं पेडल कपाटात पडून राहतं. त्याहून वाईट म्हणजे ते वापरात राहतं आणि स्टेजवर बँडचा पाया पोकळ करतं.

बेसचा सिग्नल म्हणजे काय?

चार तारांचा बेस नेहमीच्या पद्धतीने सुरात लावला की सर्वांत जाड ई तारेची वारंवारता ४१.२ हर्ट्झ असते. पुढच्या ए, डी आणि जी तारा अनुक्रमे ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झवर येतात. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झची, म्हणजे बेसची ई तार तिच्या बरोबर एक सप्तक खाली. ४१.२ हर्ट्झच्या कंपनाला एक आवर्तन पूर्ण करायला साधारण २४ मिलिसेकंद लागतात. हा २४ चा आकडा लक्षात ठेवा, कॉम्प्रेसरच्या वेळी लागेल.

तार छेडली की एकटी ४१.२ हर्ट्झची कंपनं होत नाहीत. तिच्या दुपटीची, तिपटीची, चौपटीची कंपनंही सोबत असतात: ८२.४, १२३.६, १६४.८ आणि पुढे. हीच हार्मोनिक्स. आता गंमत बघा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाही, तरीही मोबाइलवर गाणं ऐकताना बेसचा स्वर कोणता हे तुम्हाला कळतं. कारण वरच्या हार्मोनिक्समधलं अंतर बघून आपली श्रवणयंत्रणा मूळ स्वर स्वतःच ताडते. मूळ स्वर सिग्नलमध्ये नसतानाही तो ऐकू येतो.

म्हणजे बेसचा आवाज दोन कामं करतो. पहिलं काम वजनाचं: मोठ्या स्पीकरसमोर छातीत जाणवतो तो धक्का, आणि त्यासाठी खालची ऊर्जा खरोखर असावीच लागते. दुसरं काम ओळखीचं: गर्दीत बेसचा स्वर स्पष्ट कळणं, आणि त्यासाठी हार्मोनिक्स लागतात. कुठल्याही पेडलला हे दोन प्रश्न विचारा. हे वजनाचं काय करतं? आणि ओळखीचं काय करतं? निम्मी निवड इथेच होऊन जाते.

आधी मूळ नोंद करा

कुठल्याही प्रयोगात काही बदलण्याआधी 'न बदललेली' स्थिती नोंदवून ठेवतात. तेच करा. बेस थेट ऑडिओ इंटरफेसला जोडा आणि बँडमध्ये वाजवता त्यातलीच एक-दोन मिनिटांची ओळ पेडलशिवाय रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, त्यात वर्णपटाचा आलेखही बघता येतो.

मग ही नोंद ऐकून तक्रार शब्दांत लिहा. "आवाज भारी नाही" ही तक्रार नव्हे. "काही स्वर फार मोठे येतात, काही बुडतात", "ड्रम सुरू झाले की माझा स्वर कळत नाही", "जाड तारेवर नुसता गुरगुराट होतो" या तक्रारी आहेत, कारण त्या तपासता येतात.

बऱ्याच तक्रारींचं उत्तर पेडलच्या आधीच सापडतं. मोटाउनच्या असंख्य गाण्यांवर वाजलेला जेम्स जेमरसन फेंडर प्रिसिजन बेस वाजवायचा. त्यावर जुन्या फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजजवळ फोमचा तुकडा, तार छेडायला उजव्या हाताचं एकच बोट. त्या नावाजलेल्या आवाजात पेडलचा वाटा नव्हता. तेव्हा पेडल घेण्याआधी तारा बदलून बघा, पिकअपपासून हात पुढे-मागे नेऊन बघा, टोनची खुंटी फिरवून बघा. केबलकडेही बघा. पॅसिव्ह पिकअपच्या बेसला फार लांब केबल लावली तर केबलच्या धारकतेमुळे वरच्या वारंवारता कमी होतात आणि आवाज झाकल्यासारखा होतो. तिथे पेडलवर पैसे घालवण्यापेक्षा आखूड केबल स्वस्त पडते.

तक्रारीनुसार पेडल

एवढं करूनही तक्रार उरली, तर आता पेडलकडे वळू.

*ट्यूनर.* याला इफेक्ट म्हणणं जरा जास्तच होईल, पण बेसुरा बेस कुठलंही पेडल सुधारत नाही. स्टेजवर इतरांच्या आवाजात कानाने सुरात लावणं अवघड असतं, आणि पेडल ट्यूनर आवाज बंद करून सुरात लावू देतो. यात एक छान गणित आहे. एका सेमीटोनचे १०० भाग केले की एका भागाला सेंट म्हणतात. ई तारेजवळ एक सेंट म्हणजे फक्त ०.०२४ हर्ट्झच्या आसपास. दोन जवळच्या वारंवारता साध्या फूरिये विश्लेषणाने वेगळ्या ओळखायच्या तर फरक जितका बारीक तितका वेळ जास्त लागतो. ०.०२४ हर्ट्झसाठी तो वेळ सुमारे ४० सेकंद होतो. मग ट्यूनर क्षणात उत्तर कसं देतो? कारण त्याला दोन स्वर वेगळे करायचेच नसतात. एकच स्वर आहे हे गृहीत धरून त्याची वारंवारता अजमावायची असते, आणि ते काम कितीतरी लवकर होतं. विभेदनक्षमता आणि अचूकता यांतला हा फरक मुलाखतीत हमखास विचारला जातो, तेव्हा नीट समजून घ्या. व्यवहारातली युक्ती अशी: काटा डगमगत असेल तर बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्शून ८२.४ हर्ट्झचा हार्मोनिक वाजवा, काटा बहुतेक वेळा लवकर स्थिरावतो.

*कॉम्प्रेसर.* "काही स्वर मोठे, काही बुडतात" या तक्रारीचं हे उत्तर. ठरवलेल्या पातळीच्या वर गेलेला आवाज तो आवरतो. प्रमाण ४:१ ठेवलं, तर पातळीच्या ८ डेसिबल वर गेलेला स्वर २ डेसिबलच वर निघतो. आता तो २४ चा आकडा आठवा. कॉम्प्रेसरचे अ‍ॅटॅक आणि रिलीज, म्हणजे आवरायला आणि सोडायला लागणारे वेळ, २४ मिलिसेकंदांपेक्षा फार कमी ठेवले तर कॉम्प्रेसर स्वराच्या चढउताराऐवजी प्रत्येक आवर्तनाच्याच मागे धावतो. लहरीचा आकार बिघडतो आणि खालच्या स्वरांत फाटल्यासारखी घरघर येते. गिटारवर चांगली वाटलेली सेटिंग बेसवर वाईट का वाटते, त्याचं एक कारण हे. म्हणून हे दोन वेळ बदलता येणारा कॉम्प्रेसर घ्या. एक इशाराही देतो. बोटांचा दाब असमान असेल तर कॉम्प्रेसर ते झाकतो, बरं करत नाही. सराव करताना तो बंद ठेवा.

*प्रीअँप आणि डीआय.* कॉलेजच्या सभागृहात बेसचा अँप असेलच याची खात्री नसते. बऱ्याचदा बेस थेट मिक्सरला जोडावा लागतो. अशा वेळी इक्वलायझर आणि बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुट एकाच डब्यात देणारं पेडल फार कामाला येतं. टेक २१ चं सॅन्सअँप बेस ड्रायव्हर डीआय हे यातलं प्रसिद्ध उदाहरण. ड्रममध्ये स्वर हरवत असेल तर खालचा भाग वाढवायचा मोह टाळा. बेस ड्रमची जागाही तिथेच आहे, दोघं एकमेकांना झाकतात. खालचं थोडं कमी आणि काही शे हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग थोडा जास्त करून बघा. एकटं वाजवताना हा आवाज जरा नाकातला वाटेल, पण बँडमध्ये तोच स्पष्ट ऐकू येतो.

*ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ.* हे तिन्ही सिग्नलची शिखरं कापतात, आणि कापण्यातून नवी हार्मोनिक्स तयार होतात. वरची आणि खालची शिखरं सारखीच कापली तर विषम हार्मोनिक्स वाढतात, असमान कापली तर समही येतात. हे काही परकं नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात तेव्हा खर्जाच्या तारेतूनही हार्मोनिक्सचा झोत निघतो. यंत्रणा वेगळी आहे, पण हेतू तोच: खालच्या स्वराला वरची ओळख देणं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीचा हाच परिणाम अभ्यासला होता.

अडचण वजनाची आहे. आयबनेझ ट्यूब स्क्रीमर हे गिटारचं अत्यंत गाजलेलं ओव्हरड्राइव्ह. त्याच्या कापणाऱ्या टप्प्यात साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो. गिटारचा आवाज चिखलासारखा होऊ नये म्हणून ही योजना आहे, आणि गिटारसाठी ती योग्यच आहे. पण ७२० हर्ट्झ म्हणजे बेसच्या ई तारेचा सतरावा हार्मोनिक ओलांडून पुढे! बेसचा बहुतेक सगळा संसार त्याच्या खाली आहे. त्यामुळे मधला भाग पुढे येतो आणि खालचा मागे पडतो. खोलीत एकटे असताना हे जाणवत नाही. बँडमध्ये मात्र गिटारवादक मागे वळून विचारतो, "अरे, बेस कुठे गेला?"

यावरचा उपाय म्हणजे ब्लेंड. मूळ सिग्नल आणि कापलेला सिग्नल दोन वाटांनी नेऊन शेवटी मिसळायचा. वजन मूळ वाटेने येतं, ओळख कापलेल्या वाटेने. बॉस ओडीबी-३ वर यासाठी बॅलन्सची खुंटी आहे, आणि बेससाठीच्या इतरही अनेक ड्राइव्ह पेडल्सवर अशी खुंटी सापडते. पहिलं ड्राइव्ह घेताना ती आहे का, हे आधी बघा. दुकानात एक तपासणी कराच: ब्लेंड मध्यावर ठेवल्यावर खालचा आवाज दोन्ही टोकांपेक्षा कमी होतोय का? होत असेल तर दोन वाटांच्या कला जुळत नाहीत आणि त्या एकमेकींना खोडतायत. असं पेडल परत ठेवा.

*ऑक्टेव्ह, एन्व्हलप फिल्टर, कोरस.* ही चवीची पेडल्स. बुट्सी कॉलिन्सच्या फंक बेसमध्ये म्यू-ट्रॉनचा एन्व्हलप फिल्टर ऐकला की मोह होणारच. पण तुमच्या गाण्यांत तो किती मिनिटं वाजणार, ते मोजा. ऑक्टेव्हचंही गणित करून बघा. मोकळ्या ई तारेच्या एक सप्तक खाली २०.६ हर्ट्झ येतात, म्हणजे माणसाच्या श्रवणाची खालची सीमा. कॉलेजचे स्पीकर ते वाजवतच नाहीत. जी तारेच्या सातव्या पडद्यावर (१४६.८ हर्ट्झ) वाजवलंत तर खाली ७३.४ मिळतात, आणि ते छान ऐकू येतात. म्हणजे हे पेडल घ्यायचं तर वाजवायची जागाच बदलावी लागते.

तुलना करताना कान कसे फसतात

दोन पेडल्स समोर आहेत. कोणतं चांगलं? इथली पहिली फसवणूक आवाजाच्या पातळीची आहे. दोन आवाजांत एक अगदी थोडा मोठा असेल, तर तो 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. बेसच्या बाबतीत हे आणखी तीव्र आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवलं की हळू आवाजात आपले कान खालच्या वारंवारतांना खूपच कमी दाद देतात आणि आवाज वाढवला की तो फरक कमी होतो. म्हणजे नुसती पातळी वाढली तरी 'बेस सुधारला' असं वाटतं. तेव्हा तुलनेआधी दोन्ही पेडल्सची पातळी मीटरवर बघून जुळवा. दुकानात मीटर नसेल तर पेडल चालू आणि बंद करून आवाज सारखा वाटेपर्यंत लेव्हलची खुंटी फिरवा.

दुसरी फसवणूक तुमच्याच हातांची. नवं पेडल लावलं की माणूस जास्त जोमाने वाजवतो. म्हणून मघाशी केलेली मूळ नोंद इंटरफेसच्या आउटपुटमधून, पातळी कमी करून, पेडलमध्ये सोडा. वाजवणं तेच, बदललं फक्त पेडल. या पद्धतीची मर्यादाही माहीत असू द्या. काही जुन्या धाटणीच्या फझचा आवाज पिकअपच्या इम्पिडन्सवर अवलंबून असतो, आणि इंटरफेसमधून सोडलेल्या नोंदीत ते नातं तुटतं. प्रयोग नियंत्रित करताना आपण काय गमावतो, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवायची सवय लावा.

तिसरी फसवणूक नावाची आणि किमतीची. "महागड्या प्रीअँपने आवाजाला ऊब येते" असं वाटत असेल तर मित्राला बसवा. त्याने नाणं उडवून अ किंवा ब लावायचं, तुम्ही न बघता ओळखायचं. दहा वेळा करा. निव्वळ अंदाजाने दहापैकी सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के आहे, म्हणजे सातवर खूश होण्यात अर्थ नाही. आठ किंवा जास्तची शक्यता साधारण साडेपाच टक्के, नऊ किंवा जास्तची एक टक्क्याच्या जरा वर. किती वेळा करायचं आणि किती बरोबर आल्यास मानायचं, हे आधी लिहून ठेवा. सहा झाल्यावर "आत्ता बरोबर येतंय, थांबू या" म्हणालात तर आकड्यांना अर्थ उरत नाही. आणि फरक ओळखता येणं म्हणजे तो आवडणं नव्हे. आवड तपासायला बँडच्या दोन नोंदी, कोणती कशाची ते न सांगता, बँडबाहेरच्या कोणाला तरी ऐकवा.

मग घ्यायचं काय?

माझं उत्तर सशर्त आहे, पण गोलमाल नाही.

- ट्यूनर नसेल तर तो पहिला. याला चाचणी लागत नाही.
- अँपशिवाय, थेट मिक्सरमध्ये वाजवावं लागत असेल तर दुसरं डीआय असलेलं प्रीअँप.
- स्वतःचा किंवा खात्रीचा अँप असेल आणि स्वर वरखाली होत असतील तर दुसरा कॉम्प्रेसर.
- गाण्यांत खरोखर फाटका आवाज हवा असेल तरच ड्राइव्ह, आणि ब्लेंडची खुंटी असलेलंच.
- तक्रार नीट लिहिताच येत नसेल तर एकही वेगळं पेडल नको. एखादं साधं मल्टी-इफेक्ट्स घ्या, उदाहरणार्थ झूम बी१ फोर, तेही शक्यतो सेकंडहँड. तीन महिने वापरा आणि कोणता इफेक्ट किती वेळा लावला याची वहीत नोंद ठेवा. संशोधनात याला पायलट स्टडी म्हणतात. वहीत जो इफेक्ट सर्वांत वर असेल, त्याचं वेगळं पेडल घ्यायचं.

जोडणीचा क्रम साधारण असा ठेवा: ट्यूनर, मग एन्व्हलप फिल्टर किंवा ऑक्टेव्ह असल्यास ते, मग कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, कोरस आणि शेवटी प्रीअँप-डीआय. एन्व्हलप फिल्टर कॉम्प्रेसरच्या आधी, कारण तो तुमच्या छेडण्याच्या जोरावर चालतो आणि कॉम्प्रेसर तोच जोर सपाट करतो. विजेचंही बघा. बहुतेक पेडल्स ९ व्होल्टची असतात आणि त्यांच्या पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं, तरी डब्यावरचं चिन्ह वाचल्याशिवाय अडॅप्टर लावू नका. सगळ्या पेडल्सच्या मिलिअँपिअरची बेरीज अडॅप्टरच्या क्षमतेपेक्षा कमीच असायला हवी.

या आठवड्याचा गृहपाठ: दुकानात जाण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा. माझी तक्रार काय आहे? ती पेडलशिवाय सुटते का, हे मी कसं तपासलं? पेडल घेतल्यावर ती सुटली, हे मला कशावरून कळेल? तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर पैसे अजून खिशातच राहू द्या. हाच कागद उद्या संशोधन प्रस्तावासाठीही वापरता येईल. 'पेडल'च्या जागी 'पद्धत' लिहा आणि तिन्ही ओळींची उत्तरं द्यायला बसा.